क्वार्टरबॅकची पारख : दोष तर दिसतो, पण तो दुरुस्त होईल का हे कसे ओळखावे?

मैदानकाठ :

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या फुटबॉल रसिकांचे बोलणे ड्राफ्टभोवती फिरू लागते. एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेतले बत्तीस संघ महाविद्यालयीन खेळाडूंमधून आळीपाळीने निवड करतात, आदल्या हंगामात सर्वांत मागे पडलेल्या संघाची पाळी पहिली येते, आणि ज्या संघाकडे भरवशाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, नसतो तो आपली पुढची चार-पाच वर्षे एकवीस-बावीस वर्षांच्या एका मुलाच्या हाती सोपवून मोकळा होतो. मी बफलोजवळ राहतो आणि बिल्स हा माझा संघ आहे. म्हणून या चर्चेसाठी मी २०१८ चा ड्राफ्ट निवडला आहे. त्या वर्षी पहिल्याच फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले आणि त्या पाचांचे पुढे जे झाले त्यातून पारखीविषयी जेवढे शिकता येते तेवढे दुसऱ्या कोणत्याही वर्षातून मला शिकता आलेले नाही.

बेकर मेफील्ड पहिला गेला, क्लीव्हलँड ब्राउन्सकडे. त्या संघाने आदल्या हंगामात सोळाच्या सोळा सामने गमावले होते. सॅम डार्नल्ड तिसरा, न्यूयॉर्क जेट्सकडे. जॉश ॲलन सातवा, आमच्या बफलोकडे. जॉश रोझेन दहावा, ॲरिझोना कार्डिनल्सकडे. लमार जॅक्सन पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा, बत्तिसावा, आणि तोही बाल्टिमोर रेव्हन्सने फिलाडेल्फियाशी अदलाबदल करून ती जागा मिळवली म्हणून.

त्या वेळी या पाचांविषयी घेतले गेलेले आक्षेप आज आठवून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : बहुतेक आक्षेप खरे होते. मेफील्डची उंची सहा फुटांहून जेमतेम जास्त होती. डार्नल्डने सदर्न कॅलिफोर्नियाकडून खेळताना २०१७ च्या हंगामात तेरा इंटरसेप्शन दिली होती, म्हणजे तेरा फेकी प्रतिपक्षाच्या हाती गेल्या होत्या. वायोमिंगच्या ॲलनचे पूर्ण झालेल्या, म्हणजे आपल्याच खेळाडूने झेललेल्या, फेकींचे प्रमाण छप्पन टक्क्यांच्या आसपास होते, आणि ते पाहून आकडेवारीचे अभ्यासक हात जोडून सांगत होते की महाविद्यालयात इतका अचूकतेचा अभाव असलेला मुलगा व्यावसायिक खेळात सुधारत नसतो. जॅक्सनची फेक बाजूच्या रेषेकडे जाताना डळमळते, असे म्हटले जात होते, आणि चित्रफितीत ते दिसतही होते. रोझेनच्या फेकीत मात्र खोट काढायला जागा नव्हती. पाय, कंबर, खांदा, मनगट सगळे एका लयीत फिरायचे. पाचांतला सर्वांत तयार क्वार्टरबॅक तोच, असे बहुतेकांचे मत होते.

आणि नेमका तोच बुडाला. ॲरिझोनाने पहिल्या हंगामात तेरा सामने गमावले, आक्रमणाचा प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावरच बदलला, मुख्य प्रशिक्षकाला एका वर्षात निरोप मिळाला, नव्या प्रशिक्षकाने २०१९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कायलर मरे निवडला आणि रोझेनची रवानगी मायामीला झाली. दुसरीकडे जॅक्सन २०१९ मध्ये एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३ मध्ये पुन्हा ठरला, आणि २०२४ चा तोच मान ॲलनला मिळाला.

माझे म्हणणे एवढेच आहे की दोष शोधण्यात पारखी माणसे सहसा चुकत नाहीत. चूक होते ती वजन करताना. हा दोष कोणत्या जातीचा आहे, तो हाडात आहे की सवयीत, सवयीत असेल तर मोडणारा गुरू या संघात आहे का, आणि हा मुलगा सवयी मोडणारा आहे का, हे प्रश्न विचारायच्या आधीच गुणपत्रिका तयार होते. ॲलनचा दोष पायांत होता. हात इतका बलवान की पाय न वळवताही चेंडू साठ यार्ड जायचा, त्यामुळे पाय वळवायची गरजच त्याला कधी पडली नव्हती. पहिल्या वर्षी त्याचे प्रमाण ५२.८ टक्के राहिले, दुसऱ्या वर्षी ५८.८ आणि तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, ६९.२. म्हणजे आक्षेप घेणारे पहिले वर्षभर बरोबर होते. तो आक्षेप कायमचा आहे, या ठिकाणी ते चुकले.

आकडेमोड :

धागा उत्तम, पण आकड्यांची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण ‘टक्केवारी चुकली’ असे म्हणून आपण टक्केवारीच फेकून देऊ नये. ती कशाची बनलेली आहे हे पाहावे लागते.

महाविद्यालयीन आक्रमणात कितीतरी फेकी चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या मागेच, बाजूला उभ्या असलेल्या रिसीव्हरकडे (फेक झेलणाऱ्याकडे) असतात. त्या पूर्ण होतातच, आणि क्वार्टरबॅकची टक्केवारी फुगते. त्यात मैदानही वेगळे असते. चाल सुरू करताना चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या दोन हॅश रेषांमध्ये महाविद्यालयीन मैदानावर चाळीस फुटांचे अंतर असते, एनएफएलमध्ये ते अवघे साडेअठरा फूट. याचा परिणाम असा की महाविद्यालयात चेंडू एका कडेच्या हॅशवर ठेवला गेला तर दुसऱ्या बाजूला शंभर फुटांचे मोकळे रान उरते, बचावाला तिकडे ताणून उभे राहावे लागते आणि क्वार्टरबॅकला फेकीच्या आधीच दिसते की फट कुठे आहे. व्यावसायिक खेळात चेंडू जवळजवळ नेहमी मधोमध असतो आणि अशी आयती फट मिळत नाही. तिसरी गोष्ट नियमाची आहे. धावायचे की फेकायचे हे चेंडू हातात आल्यावर ठरवण्याची जी चाल हल्ली सगळीकडे दिसते, तिच्यात आपले लाइनमन, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी पुढची फळी, धावेसाठी पुढे सरकलेले असतात. फेक होण्याआधी रेषेपुढे जायला महाविद्यालयात त्यांना तीन यार्डांची सूट आहे, एनएफएलमध्ये एका यार्डाची. ज्याची निम्मी कमाई या चालीवर आहे, त्याच्या आकड्यांना मी एनएफएलच्या दृष्टीने तेवढी किंमत देत नाही.

मी स्वतः दोन आकडे आधी काढते. एक, किती सामने सुरुवातीपासून खेळला. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने तीन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी मोजून तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्स घेतला. त्याच्या गाठीला नॉर्थ डकोटा स्टेटचे सतराच सामने होते. २०२३ मध्ये चौथ्या क्रमांकावर गेलेल्या अँथनी रिचर्डसनचे फ्लोरिडासाठी तेरा. त्याच सॅन फ्रान्सिस्कोला २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा खेळाडू म्हणून आयोवा स्टेटमध्ये चार वर्षे खेळलेला ब्रॉक पर्डी मिळाला आणि संघ त्याच्याच हाती गेला.

दुसरा आकडा असा : बचावाचा दबाव आल्यावर तो शंभरातून किती वेळा चेंडूसह खाली पाडला जातो. हे बरेचसे क्वार्टरबॅकच्या स्वतःच्या हातात असते, लाइनमन बदलले तरी फारसे बदलत नाही, आणि महाविद्यालयातून एनएफएलमध्ये जाताना माणसाच्या पाठोपाठ जाते. तुमच्या भाषेत सांगायचे तर हा हाडातला दोष आहे.

मैदानकाठ :

हा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या मूळ लेखात तो यायला हवा होता.

वितीविषयीही लिहायचे राहिले. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची सामूहिक चाचणी, भरते तेव्हा उंची, वजन, चाळीस यार्डांची धाव यांच्याबरोबर क्वार्टरबॅकची वीतही मोजतात. आपली आजी दोरा मोजायची तशीच, पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. ॲलनची वीत दहा इंचांहून थोडी अधिक भरली. २०२२ मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेलेला एकमेव क्वार्टरबॅक केनी पिकेट, त्याची साडेआठ भरली आणि त्या अर्ध्या-एक इंचावर आठवडेच्या आठवडे लेख लिहिले गेले. थंडीत, पावसात ओला चेंडू धरायचा असतो, म्हणून वितीला अर्थ आहे हे मी बफलोच्या डिसेंबरात उभा राहून सांगू शकतो. पण ती हंगामातल्या सामन्यांत दिसतेच. ज्याच्या हातून चेंडू निसटतो त्याचा तो तीन वर्षे निसटत आलेला असतो, त्यासाठी मोजपट्टी लागत नाही.

जुनाप्रेक्षक :

लमार जॅक्सनविषयी आपण घाईने पुढे गेलात, म्हणून लिहितो.

लुईव्हिलसाठी खेळताना या मुलाने २०१६ मध्ये हाइझमन करंडक जिंकला होता, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान त्याच्या घरात होता. तरीही ड्राफ्टच्या आधी त्याला जागा बदलून रिसीव्हर होण्याचा सल्ला जाहीरपणे देण्यात आला. तो कम्बाइनमध्ये चाळीस यार्ड धावलाच नाही, कारण आपल्याला क्वार्टरबॅक म्हणूनच तपासावे असा त्याचा आग्रह होता. त्याला ‘फेक डळमळते’ या एका वाक्यात बसवणे मला पटत नाही. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला दुसरी जागा सुचवण्याची या खेळातली परंपरा फार जुनी आहे. वॉरन मून १९७८ मध्ये कोणाही संघाने निवडला नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथे एकामागून एक अजिंक्यपदे मिळवली, १९८४ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनकडे आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. वॉशिंग्टनच्या डग विल्यम्सने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला तो १९८८ च्या जानेवारीत. त्याआधी एकाही कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकच्या हाती तो करंडक आला नव्हता. पारखणाऱ्याच्या डोळ्यासमोर ‘क्वार्टरबॅक’ म्हणून जे चित्र असते, त्याच्याशी न जुळणारी प्रत्येक गोष्ट त्याला दोष वाटू लागते. तेव्हा दोष दुरुस्त होईल का, या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न हवा : हा मुळात दोष आहे का?

मैदानकाठ :

आपण योग्य ठिकाणी बोट ठेवलेत आणि मी माझे वाक्य मागे घेतो. बाल्टिमोरने जे केले त्याचे मोलही त्यामुळे वेगळ्या तऱ्हेने कळते. २०१८ च्या नोव्हेंबरात त्यांचा तोवरचा क्वार्टरबॅक, जो फ्लॅको, जखमी झाल्यावर त्यांनी जॅक्सनला उतरवले आणि उरलेल्या सातपैकी सहा सामने जिंकले. त्यानंतर त्याला जुन्या पद्धतीत बसवण्याऐवजी त्यांनी पद्धतच बदलली. धावणारा क्वार्टरबॅक कॉलिन केपर्निक याच्याबरोबर काम केलेले ग्रेग रोमन यांच्याकडे आक्रमण सोपवले आणि सगळा खेळ जॅक्सनच्या पायांभोवती नव्याने मांडला. २०१९ मध्ये तो १,२०६ यार्ड धावला, क्वार्टरबॅकसाठी तो विक्रम होता, आणि त्याच हंगामात छत्तीस टचडाउन फेकी (थेट गुण मिळवून देणाऱ्या) करून त्याही यादीत पहिला आला.

पहाटपाळी :

मी ठाण्यात राहतो. पहिली फेरी इथे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि चार वर्षे झाली, मी ती न चुकता पाहतो. पण महाविद्यालयीन सामने मला फार कमी पाहायला मिळतात. यूट्यूबवर जे मिळते त्यात टचडाउनच टचडाउन असतात. माझ्यासारख्याने नेमके काय पाहावे, हे कोणी समजावून सांगेल का?

मैदानकाठ :

टचडाउनच्या जोडचित्रफिती बाजूला ठेवा आणि एक अख्खा सामना मिळवा, शक्यतो परगावचा, शक्यतो हरलेला. वरून घेतलेले, बावीसही खेळाडू दिसणारे चित्रीकरण मिळाले तर सोन्याहून पिवळे. मग चेंडूवरची नजर काढा आणि तिसऱ्या प्रयत्नातली (थर्ड डाउन), सात-आठ यार्ड हवे असतानाची एकच चाल दहा वेळा पाहा.

चेंडू हातात येतो, तो तीन किंवा पाच पावले मागे जातो. मागचा पाय रोवला जातो त्या क्षणी पहिला रिसीव्हर मोकळा असायला हवा असे चालीत ठरलेले असते. तो मोकळा असेल तर कोणीही चेंडू फेकेल. ती चाल सोडून द्या. तो झाकलेला असेल तेव्हा थांबा. हेल्मेट हलते का पाहा. ते डावीकडून मध्याकडे वळले, तर त्याच्याबरोबर पाय वळतात का पाहा. चांगल्या क्वार्टरबॅकचे पाय नजरेच्या मागोमाग छोट्या उड्या मारत फिरतात, त्यामुळे दुसरा रिसीव्हर दिसेपर्यंत तो फेकायला तयार असतो. कच्च्याची नजर फिरते पण पाय पहिल्याच दिशेला रुतलेले राहतात, आणि मग तो एक तर नुसत्या हाताने फेकतो किंवा धावत सुटतो. या सगळ्याला अडीच-तीन सेकंद लागतात. त्याच वेळी एकशे चाळीस किलोचा माणूस त्याच्या गुडघ्याकडे येत असतो. तो आल्यावर खांदे आक्रसतात की चेंडू छातीशी नीट राहतो, तेही तिथेच दिसते.

चाल सुरू होण्याच्या आधीची दहा सेकंदेही पाहा. पुष्कळ महाविद्यालयीन संघांत सगळे अकरा जण मान वळवून कडेला उभ्या प्रशिक्षकाकडे बघतात आणि तिथून खुणेने चाल बदलून येते. बचाव वाचण्याचे काम तिथे प्रशिक्षकाने केलेले असते. स्वतः हात दाखवून लाइनमनना नवी जागा देणारा क्वार्टरबॅक दिसला तर वहीत लिहून ठेवा.

प्रो डेच्या, म्हणजे महाविद्यालयात भरणाऱ्या ड्राफ्टपूर्व चाचणीच्या, चित्रफिती पाहू नयेत असे मी म्हणत नाही, मात्र त्यावरून मत बनवू नये. २०२१ च्या मार्चमध्ये झॅक विल्सनने डावीकडे धावत असताना शरीराच्या उलट दिशेला केलेली लांबलचक फेक जगभर फिरली. समोर बचाव करणारा एकही माणूस नव्हता.

हडसनकाठ :

विल्सनची आठवण निघाली आणि जेट्सच्या चाहत्याला राहवले नाही.

त्या फेकीनंतर महिन्याभरात आम्ही विल्सनला दुसऱ्या क्रमांकावर घेतला, आणि त्याला घेता यावे म्हणून आधी ज्याला काढून टाकले तो डार्नल्ड होता. ड्राफ्टच्या दिवशी डार्नल्डला वयाची एकवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पहिल्या वर्षानंतर त्याचे प्रशिक्षक बदलले, नव्या प्रशिक्षकांच्या हाताखाली दोन वर्षे गेली, २०२० मध्ये आम्ही चौदा सामने हरलो. चेंडू गमावण्याची त्याची सवय आमच्याकडे सुटण्याऐवजी मुरली, कारण मागे पडलेल्या संघाचा क्वार्टरबॅक प्रत्येक फेकीत सगळे भरून काढू पाहतो. मग कॅरोलायना, तिथून सॅन फ्रान्सिस्कोत वर्षभर पर्डीच्या मागे बाकावर, आणि २०२४ मध्ये मिनेसोटासाठी त्याने पस्तीस टचडाउन फेकी केल्या, संघाने चौदा सामने जिंकले. तो काही सहा वर्षांनी अचानक हुशार झाला नाही. मेफील्डचेही तसेच : क्लीव्हलँड सुटले, कॅरोलायनाने हंगामाच्या मध्येच सोडून दिले, आणि टॅम्पात २०२४ मध्ये त्याने एक्केचाळीस टचडाउन फेकी केल्या.

संघांना थांबता का येत नाही, याचे कारण पैशात आहे. एनएफएल आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारापूर्वी पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला अफाट रक्कम द्यावी लागे. २०१० च्या सॅम ब्रॅडफर्डचा करार ७.८ कोटी डॉलरचा होता, २०११ च्या कॅम न्यूटनचा सुमारे २.२ कोटींचा. तेव्हापासून नवा क्वार्टरबॅक ही संघाच्या हिशेबातली सर्वांत स्वस्त वस्तू झाली. तो चार वर्षे स्वस्त असतो, तेवढ्यात जिंकायचे असते, आणि त्यातली दोन वर्षे शिकण्यात घालवायला कोणताही व्यवस्थापक तयार होत नाही, कारण तोपर्यंत त्याची स्वतःची नोकरी राहील याची खात्री त्याला नसते.

आकडेमोड :

येथे मला तुम्हा दोघांनाही अडवावेसे वाटते. एखादा यशस्वी झाला की ‘दोष दुरुस्त होण्याजोगा होता’ आणि अपयशी झाला की ‘संघ वाईट होता’, असे म्हणत राहिलो तर हा सिद्धान्त कधीच खोटा ठरणार नाही, आणि मग ड्राफ्टच्या आधी त्याचा उपयोगही शून्य. ॲलनचेच उदाहरण घ्या. २०२० मध्ये त्याची टक्केवारी दहा अंकांनी वाढली हे खरे, पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बफलोने पहिल्या फेरीची जागा देऊन मिनेसोटाकडून स्टेफॉन डिग्ज आणला होता. पाय सुधारले की रिसीव्हर सुधारला, हे तुम्ही कशावरून ठरवता?

२०२३ ही तसेच सांगते. पहिल्या क्रमांकासाठी कॅरोलायनाने शिकागोला डीजे मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर आणि वर पुढच्या वर्षाची पहिली फेरी दिली, आणि ब्राइस यंग आला तेव्हा चेंडू द्यायला पुरेसा चांगला माणूसच उरला नव्हता. मुख्य प्रशिक्षक अकरा सामन्यांनंतर गेले. दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनला गेलेला सी. जे. स्ट्राउड त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. संघांची अदलाबदल झाली असती तर आज आपण दोघांच्या दोषांविषयी काय बोललो असतो, हे मला खरोखर सांगता येत नाही.

मैदानकाठ :

आपला आक्षेप रास्त आहे. डिग्जचा वाटा मोठा होता हे मी नाकारत नाही. तरीही सामने बघताना मी जे पाहिले ते असे की, २०१८ मध्ये मोकळ्या माणसाच्या डोक्यावरून जाणारी आखूड फेक २०२० मध्ये छातीवर येऊ लागली, आणि ती डिग्जकडेच नव्हे तर कोल बीझलीकडेही. बीझली आदल्या वर्षीपासून संघात होता. रिसीव्हर तोच आणि फेक बदललेली, म्हणून मी पायांना श्रेय देतो. ब्रायन डेबॉल यांच्यासारखा आक्रमणाचा प्रशिक्षक पहिली चारही वर्षे बदलला नाही, हेही त्यात आले.

ड्राफ्टच्या आधी उपयोग काय, तर संघाला विचारायचे प्रश्न आधीच विचारता येतात. प्रशिक्षकाच्या करारात किती वर्षे उरली आहेत? लाइनमन कसे आहेत? या क्रमांकासाठी संघाने काय गमावले? या सगळ्यांची उत्तरे एप्रिलमध्येच माहीत असतात.

पहाटपाळी :

एक थेट प्रश्न विचारतो, राग नसावा. २०१८ मध्ये बफलोची सातवी निवड आपल्या हाती असती तर आपण ॲलनला घेतले असते का?

मैदानकाठ :

नाही. मी रोझेनला घेतले असते. त्या गुरुवारी रात्री ॲलनचे नाव पुकारले गेले तेव्हा आमच्या दिवाणखान्यात आम्ही सहा जण होतो आणि मी टीव्ही बंद करून बाहेर पोर्चमध्ये जाऊन बसलो होतो. रोझेन तयार होता आणि मी तयारी मोजत होतो.

ॲलनची गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. कॅलिफोर्नियात फायरबॉ नावाचे शेतीचे छोटे गाव, घरची शेती. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या महाविद्यालयाला तो नको होता. तो जवळच्या रीडलीच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात गेला, एक हंगाम खेळला आणि देशभरातल्या प्रशिक्षकांना स्वतःच्या चित्रफितीसह ईमेल पाठवत सुटला. त्यातून शेवटी वायोमिंग तेवढे उरले. दर वर्षी तो आदल्या वर्षापेक्षा उंच, जड आणि बरा खेळाडू झालेला होता, आणि त्याच्यावर शिकवणीचे तास इतरांच्या मानाने फार थोडे खर्च झाले होते. ही सगळी माहिती मी वर्तमानपत्रात वाचली, मला ती गोड वाटली आणि मी ती पारखीच्या वहीत न लिहिता बाजूला ठेवली. आता मी प्रत्येक मुलासाठी एक पान वेगळे ठेवतो; त्यावर टक्केवारी नसते, सोळाव्या वर्षापासून दर वर्षी तो काय नवे करायला लागला एवढेच असते. या वर्षीची पाने भरत आली आहेत. पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री ती इथे टाकतो, म्हणजे आकडेमोड यांना ती नंतर तपासता येतील.